हौदाची आगोट

“घरामागे स्विमिंग पूल आहे,” असं मी पहिल्यांदा चिपळूणला फोनवर सांगितलं, तेव्हा सासूबाई क्षणभर गप्पच झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “अगो, पण नदी कुठची तिथे?” त्यांना वाटलं, नदीवरचा पूल! आम्ही सगळे पोट धरून हसलो. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या पुलाचं नाव ‘हौद’ पडलं ते पडलंच.

मैत्रिणींनो, अंगणात पोहण्याचा हौद म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे सिनेमातला बंगला उभा राहिला असेल. तसं काही नाही हं! आम्ही अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉईटच्या जवळ राहतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एक जुनं घर घेतलं. जुन्या वाड्यात बिऱ्हाड करताना माळ्यावरचा मोडका पाळणा आपल्या गळ्यात पडावा, तसा घराबरोबर हा हौद आमच्या गळ्यात पडला. मुलगा आनंदाने नाचला, आणि मी मनातल्या मनात शेजारणींना फोटो पाठवण्याचे बेत केले. पुढचा हिवाळा आम्हांला काय शिकवणार आहे, याची कल्पना कुणालाच नव्हती.

तुम्ही म्हणाल, “बाई, आमच्या गावात ना बर्फ ना हौद, आम्हांला काय त्याचं?” पण तुमच्यापैकी कितीतरी जणींची लेक, बहीण, नणंद आज इकडे संसार करते आहे. तिच्या परसात असा हौद असेल, तर हे कात्रण तिला पाठवा. आणि कुणी नसलं तरी वाचा. कारण गोष्ट हौदाची असली, तरी चूक जी झाली ती कोणत्याही घरात होते.

हा हौद असतो तरी कसा?

हा जमिनीत खणलेला, फरशा बसवलेला तलाव नव्हे. सपाट केलेल्या जागेवर वाळूचा थर पसरतात. त्यावर पातळ पत्र्याची गोल भिंत उभी करतात. भिंतीला बाहेरून खांबांचा आधार आणि वर पत्र्याचीच कड. आत विनाइलचं, म्हणजे एका जातीच्या प्लॅस्टिकचं, अस्तर. पिंपाला आतून पिशवी लावावी ना, अगदी तसं. भिंतीत एक चौकोनी तोंड असतं, त्याला स्किमर म्हणतात. पाण्यावर तरंगणारा पालापाचोळा तिथून ओढला जातो. पुढे पंप, पंपापुढे वाळूची गाळणी, आणि गाळलेलं पाणी नळीतून पुन्हा हौदात.

आमचा हौद १८ फूट व्यासाचा आणि त्यात पाणी ४ फूट. हिशेब केला तर जवळजवळ २९ हजार लिटर होतं. गच्चीवर असतात त्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या २९ मांडा, म्हणजे अंदाज येईल. वजन म्हणाल तर २९ टन! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

उद्या करू, परवा करू

इथे ऑक्टोबर लागला की हवा गार होते, आणि हौदवाले लोक हौद ‘बंद’ करतात. पंप काढायचा, पाणी थोडं उतरवायचं, वर झाकण घालायचं, अशी ती कामं. शेजारच्या वयस्क बाईंनी मला कुंपणावरून दोनदा आठवणही केली. मी हो हो म्हटलं. पण तेव्हा नवं घर लावायचं होतं. नवरात्र आलं, मग मंडळाच्या दिवाळीचे कार्यक्रम. मी आठवड्याचे तीन दिवस एका बालवाडीत शिकवते, तिथल्या मुलांचीही गडबड. ‘ह्यां’ना म्हटलं, तर हे म्हणाले, “शनिवारी बघू.” असे किती शनिवार गेले कोण जाणे.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला त्या संध्याकाळी आम्ही दोघं कोट घालून बाहेर पळालो, आणि हौदावर एक निळी ताडपत्री टाकून सुतळीने बांधून आलो. पंप पाण्यासकट बाहेर. नळ्या तशाच. शिडीसुद्धा हौदातच! आत येऊन चहा घेताना आम्हांला वाटलं, झालं एकदाचं काम.

सांगायला लाज वाटते, पण बी.ए.ला माझा विषय भूगोल. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून बर्फ वर तरंगतो आणि तळ्यातले मासे खाली जिवंत राहतात, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलेलं. इथे आल्यावर सरबताची भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये विसरून ती तडकलेलीही पाहिलेली. पण पंपाच्या पोटातलं पाणीसुद्धा असंच फुगणार, हे काही डोक्यात आलं नाही. पुस्तकातलं ज्ञान आणि परसातला पंप यांची गाठ घालून देणारं कुणीतरी असावं लागतं. आमची गाठ घालून दिली ती थंडीने.

ती दुपार

फेब्रुवारीतली गोष्ट. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. खिडकीतून सहज पाहिलं, तर आमचा सात वर्षांचा मुलगा हौदाच्या शिडीवर चढून, ताडपत्रीची कड उचलून, एक पाय बर्फावर टाकत होता.

तवा तसाच टाकून मी सपाता न घालता बर्फातून धावले. त्याला काखेत धरून खाली ओढलं, आणि मग आम्ही दोघंही तिथेच बसून रडलो. “आई, मी फक्त बघत होतो,” एवढंच तो म्हणत होता. बर्फ वरून वीतभर जाड दिसत होता. पण दोन दिवसांपूर्वी ऊन पडलं होतं, आणि कडेला तो भिंतीपासून सुटला होता. तिथे पाय गेला असता तर वरून ताडपत्री, खाली गार पाणी.

अमेरिकेत १ ते ४ वर्षांची मुलं सर्वांत जास्त दगावतात ती बुडून. आजारांपेक्षाही जास्त. हे मी बालवाडीच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं. आपला तर सात वर्षांचा, त्याला कळतं, असं मी धरून चालले होते. मुलांना कळत असतं तेव्हाच ती ‘फक्त बघायला’ जातात, नाही का?

शिडी त्याच संध्याकाळी निघाली. बर्फात रुतलेली ती शिडी ह्यांनी हिसडे देऊन काढली, आणि त्या हिसड्यांनी काय झालं ते आम्हांला दोन महिन्यांनी कळलं.

एप्रिलमधली मोजदाद

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि ताडपत्री हौदात बुडालेली दिसली. तिच्यावर साठलेल्या बर्फाच्या आणि पाण्याच्या ओझ्याने सुतळीने वरची कड आत ओढून वाकवली होती. पंपाच्या पोटाला उभी चीर. स्किमर कोपऱ्यात तडकलेला, त्यातून गळून गळून पाणी स्किमरच्या खाली उतरलेलं. आणि उरलेलं पाणी? पालकाच्या भाजीसारखं हिरवंगार! वर बेडूक.

एका कारागिराला बोलावलं. त्याने पाच मिनिटं फेरी मारली आणि सगळं मिळून अडीच हजार डॉलर सांगितले. आम्ही विम्याचे कागद काढले. बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडलं, की पाणी गोठून किंवा बर्फाच्या भाराने पोहण्याच्या हौदाचं नुकसान झालं तर भरपाई नाही. इथल्या बहुतेक घरविम्यांत ही अट असते. तेव्हा घर घेतानाच ती वाचावी.

त्या रात्री आमचं चांगलंच वाजलं. हे म्हणाले, “तुला बाईंनी दोनदा सांगितलं होतं.” मी म्हटलं, “आणि मी तुम्हांला चारदा.” पुढचं तुम्हांला सांगायला नको. प्रत्येक घरात तो संवाद पाठ असतो.

सकाळी रागाच्या भरात मी ठरवलं, सगळं पाणी सोडून द्यायचं आणि ही ब्याद कायमची रिकामी करायची. बागेची नळी आत सोडून पाणी ओढायला सुरुवात केली, तोच शेजारच्या बाई हात हलवत धावत आल्या. “थांब, थांब! पूर्ण रिकामा करू नकोस!”

पूर्ण रिकामा का करायचा नाही?

त्यांनी मला जे समजावलं ते प्रत्येक हौदवालीने पाटीवर लिहून ठेवावं असं आहे. पाण्याचा भार हा नुसता शत्रू नव्हे, तो आधारही असतो. पाणी सगळीकडून सारखं बाहेर रेटतं, म्हणून पातळ पत्र्याची भिंत गोल, ताठ उभी राहते. पाणी काढलं की जोराच्या वाऱ्यानेसुद्धा ती आत दुमडू शकते. दुसरं, विनाइलचं अस्तर पाण्याने ताणून जागच्या जागी बसलेलं असतं. रिकामं झालं की ते आकसतं. जुनं असेल तर पुन्हा पाणी भरताना ताणलं जात नाही, फाटतं. म्हणजे दोनशे डॉलरची दुरुस्ती वाचवायला जाऊन सगळं अस्तरच बदलायची पाळी.

मी नळी काढून घेतली. मग बाईंनी विचारलं, “काय काय मोडलंय, लिहून काढलंस का?” नव्हतं काढलं. आम्ही भांडलो होतो, पण मोजदाद केली नव्हती.

त्या दिवशी मी चिपळूणला फोन करून सगळं रडगाणं गायलं. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. आमच्या चिपळूणच्या घरावर अजून कौलं आहेत. पावसाळ्याआधी त्या माणूस लावून कौलं परततात, फुटकी बदलतात, पडवीला झापं बांधतात, लाकडं कोरडी रचून ठेवतात, कडधान्यांना ऊन देऊन डबे भरतात. कोकणात ह्या तयारीला आगोट म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, “अगो, घर गळतं ते पावसाने नाही हो. वैशाखात कुणी वर चढून बघितलं नाही, म्हणून गळतं. तुमची आगोट चुकली, एवढंच. त्यात रडायचं काय?”

मैत्रिणींनो, एवढी साधी गोष्ट! हिवाळ्याने केलेलं नुकसान हे खरं तर शरद ऋतूत न केलेल्या कामांचं असतं. वही काढली आणि कामाला लागले.

दुरुस्तीचा क्रम

१. सगळा बर्फ आपोआप वितळू द्या. पहारीने, हातोडीने फोडू नका. फुटलेल्या बर्फाच्या कडा सुरीसारख्या असतात, अस्तर कापतात. गरम पाणीही ओतू नका.

२. झाकण काढण्याआधी त्याच्यावरचं पाणी आणि पाला उपसून टाका. नाहीतर सगळी घाण हौदात.

३. आता भिंतीभोवती सावकाश फेरी मारा. कुठे फुगवटा, वाकलेला खांब, बुडाशी गंज दिसतो का? हात लावून पाहा. नुसती वरची कड वाकली असेल तर ती बदलता येते. आमची दोन तुकड्यांत बदलली. पण भिंतच फुगली किंवा गंजून चाळण झाली असेल, तर मुलांना लांब ठेवा, पाणी वाढवू नका, आणि जाणकाराला दाखवा. २९ टन पाणी एकदम सुटलं तर काय होईल, याचा विचार करा.

४. विजेचं काम. पंपाला हात लावण्याआधी वीज तोडा. गळती होताच आपोआप वीज तोडणारा स्विच असल्याशिवाय इथे हौदाचा पंप लावू नये. तो नसेल किंवा वायर उंदरांनी कुरतडली असेल, तर वायरमनलाच बोलवा. काटकसर इथे नको. आमच्या पंपाची मोटर ठीक निघाली, फुटलं होतं ते प्लॅस्टिकचं पोट. तेवढंच बदलून मिळालं. म्हणून नवा पंप घेण्याआधी सुटा भाग मिळतो का ते जरूर विचारा.

५. स्किमर बदलायचा तर पाणी फक्त त्याच्या तोंडाखाली वीतभर असावं. आमच्याकडे ते गळतीनेच तिथवर उतरलं होतं. चौकटीचे स्क्रू काढले, जुना स्किमर आणि त्याचं रबरी वायसर काढून नवं बसवलं. स्क्रू एका बाजूने सरळ आवळत जाऊ नका. समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, म्हणजे वायसर सारखं दबतं. फार जोर करू नका, प्लॅस्टिक असतं ते.

हे स्किमरचं काम मी आणि ह्यांनी मिळून एका रविवारी केलं. मी आतून स्क्रू धरले, हे बाहेरून. पहिला अर्धा तास आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. पण स्क्रू आवळताना “थांबा”, “आता फिरवा” म्हणावंच लागतं. दुपारपर्यंत अबोला आपोआप मोडला. अशी कामं नवराबायकोने मिळून करावीत, एवढं मी अनुभवाने सांगते.

बादलीची युक्ती

स्किमर झाला, पाणी भरलं, तरी रोज थोडं कमी होत होतं. ऊन पडल्यामुळे आटतंय की गळतंय? यासाठी एक फार सोपी युक्ती आहे. एका बादलीत हौदाचंच पाणी भरा, तळाशी दगड ठेवा, आणि ती शिडीच्या पायरीवर अशी ठेवा की आतलं आणि बाहेरचं पाणी साधारण एका पातळीवर येईल. पंप बंद करा. बादलीच्या आत एक रेघ आणि बाहेर हौदाच्या पाण्याची एक रेघ काढा. चोवीस तासांनी पाहा. दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल तर ऊन. हौदाचं जास्त उतरलं असेल तर गळती. आमच्या बादलीचं जेमतेम पाव इंच उतरलं, हौदाचं इंचभर. म्हणजे भोक होतंच.

ते शोधायला मी खाण्याचा लाल रंग वापरला, तोच आपला जिलबीचा! संशयाच्या जागी पाण्याखाली दोन थेंब अलगद सोडायचे. पाणी हलवायचं नाही. भोक असेल तिथे रंगाची रेघ ओढली जाते. शिडीचा पाय होता तिथे ती रेघ नेमकी अस्तरात शिरली. फेब्रुवारीत हिसडे देऊन काढलेल्या शिडीने बोटभर चीर पाडली होती.

ठिगळ लावायचं ते विनाइलचंच, पाण्याखाली चिकटणाऱ्या डिंकाने. चिरेच्या सगळ्या बाजूंनी दोन इंच मोठं कापायचं, आणि कोपरे गोल करायचे. चौकोनी ठिगळाचे कोपरे सुटतात, हे गोधडी शिवलेल्या बाईला सांगायला नको. मधून कडेकडे दाबत जायचं, म्हणजे खाली पाण्याचा फुगा राहत नाही. वर वजन ठेवून दिवसभर सोडून द्यायचं. चीर हातभर लांब असेल किंवा जोडावरच उसवली असेल, तर मात्र ठिगळाचा हट्ट धरू नका. नवं अस्तरच घ्या.

हिरव्या पाण्याचं काय?

आधी जाळीने पाला काढा, मग भिंती आणि तळ मऊ ब्रशने घासा. मग पाणी तपासायच्या पट्टीने पीएच पाहा. तो ७.२ ते ७.८ च्या दरम्यान आणा, त्यानंतर क्लोरिनचा मोठा डोस द्या. तो संध्याकाळी द्यावा, कारण उन्हाने क्लोरिन उडून जातं. पंप रात्रंदिवस चालू ठेवा आणि गाळणी वरचेवर धुवा. आमचं पाणी आठवडाभर आधी हिरवं, मग दुधी, आणि मग स्वच्छ झालं.

क्लोरिनच्या बाबतीत चार नियम सोडू नका. औषध पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी कधी ओतायचं नाही. दोन जातींचं क्लोरिन एकत्र करायचं नाही, एकाच मापाने घ्यायचंही नाही. आग लागू शकते. ॲसिडजवळ ठेवायचं नाही. विषारी वायू सुटतो. आणि डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवायचा नाही. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच.

आणि पाचवा, आमच्या घरचा नियम. हौदाचा तळ स्पष्ट दिसत नाही आणि पट्टी ठीक म्हणत नाही, तोपर्यंत कुणीही पाण्यात उतरायचं नाही. हिरव्या पाण्यात बुडालेलं मूल वरून दिसत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाने पहिली उडी मारली. खर्च झाला सुमारे चारशे डॉलर. अडीच हजार नव्हे.

आता आगोट

२०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी आपण अवजारांची पूजा करतो ना? मी पंपाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि मग त्याला सन्मानाने तळघरात नेलं. शेजारच्या बाई कौतुकाने पाहत होत्या. तेव्हापासून आमच्याकडे हौद बंद करायची कामं दसऱ्याच्या आठवड्यातच होतात. सणाला बांधलेलं काम विसरत नाही, हा माझा अनुभव आहे. वहीत लिहिलेली यादी अशी:

पाणी साधारण १८ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हौद स्वच्छ करावा, पीएच आणि क्लोरिन नीट करावं. घाण पाण्यावर झाकण घातलं, तर वसंतात पालकाची भाजीच मिळणार.

पाणी स्किमरच्या आणि परतीच्या नळीच्या तोंडाखाली उतरवावं. त्याहून खाली नको.

पंप, गाळणी आणि नळ्यांमधला थेंब न् थेंब काढावा. पंपाच्या आणि गाळणीच्या बुडाची बुचं काढावी आणि पंपाच्या जाळीतच ठेवावी. नाहीतर वसंतात सगळं घर बुचं शोधत फिरतं.

हौदाच्या मधोमध हवेची उशी बांधून तरंगत ठेवावी. बर्फ फुगतो तेव्हा तो ती उशी दाबतो, भिंतीवरचा ताण कमी होतो. उशी टम्म फुगवू नये. दबायला जागा राहिली पाहिजे.

झाकण हौदापेक्षा मोठं असावं. आणि तारेने आवळून बांधावं, सुतळीने नव्हे. त्यावर पाणी साठलं की छोट्या पंपाने उपसावं, ताजा बर्फ मऊ केरसुणीने ओढून काढावा. गोठून घट्ट झालेल्या थराला मात्र हात लावू नये. आणि झाकणावर कुणीही पाय ठेवू नये, मोठ्यांनीसुद्धा.

सर्वांत शेवटी शिडी. ती काढून कुलपात. खरं तर माझ्या वहीत ती सर्वांत वर आहे.

२०२३ च्या एप्रिलमध्ये झाकण उघडलं, तेव्हा आत पाणी स्वच्छ होतं. एक पोतं पाला निघाला आणि पंपाचं एक वायसर बदलावं लागलं, बस्स. मी चिपळूणला फोन केला. सासूबाई म्हणाल्या, “छान झालं हो. आमचीही कौलं परतून झाली काल.”

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. हौद सांभाळणं हे काम आहे, नुसती हौस नव्हे. घरात सगळे बाहेर जाणारे असतील, मुलं लहान असतील, आणि कुणाला वेळ नसेल, तर जाणकाराकडून तो हौद काढून टाकावा आणि तिथे मेथी-कोथिंबीर लावावी. त्यात कमीपणा नाही. पण ठेवायचा असेल, तर त्याची आगोट चुकवू नये.

आणि तुमच्या गावी हौद नसला, तरी गच्चीवरची टाकी आहे, तिचं उघडं झाकण आहे, पावसाळ्याआधी न पाहिलेली पन्हळ आहे. ‘शनिवारी बघू’ असं ज्या ज्या कामाला म्हणता, त्याची आज एक यादी करा. आणि त्यात जे काम मुलाबाळांच्या जिवाशी आहे, ते सर्वांत वर लिहा. बाकीचं शनिवारी झालं तरी चालेल.